भोकं मोजणारे सर

सर पहिल्यांदा आमच्या कॉलेजात आले तेव्हा शिपायानं त्यांना भंगारवाला समजून मागच्या दारानं जायला सांगितलं. शिपायाची काही चूक नव्हती. फाटकाशी पिकअप उभी, तिच्यात जुनी लोखंडी कपाटं, वायरींची भेंडोळी, शिशाच्या विटा, आणि त्या पसाऱ्यावर गादी टाकून बसलेला, विजार पोटरीपर्यंत दुमडलेला एक म्हातारा. सर मुकाट्यानं मागच्या दारानं आले. तिथं मी उभी होते. "फिजिक्स शिकवतेस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर म्हणाले, "मग ही वीट धर. जपून, दिसते त्यापेक्षा जड आहे." मी इस्त्रीची साडी नेसून आलेली गेस्ट लेक्चरर. तरी वीट धरली. त्यानंतर सर गेले तोवर मी त्यांचं काही ना काही धरूनच उभी असायची.

एका मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत सरांची सगळी उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची यंत्रंही मोडीत काढायचं ठरलं. "माणूस मोडीत काढा, यंत्रांनी काय घोडं मारलंय?" असं म्हणून त्यांनी ती मागून घेतली, सगळ्या परवानग्यांसाठी वर्षभर खेटे घातले आणि आमच्या जोयडाच्या, जंगलातल्या कॉलेजात आणून ठेवली. जोयडाच का, याचं कारण ते प्रत्येकाला वेगळं सांगत. मला सांगितलेलं कारण असं, की ते एकदा कुळगीच्या कॅम्पात जंगल बघायला आले होते. जनावर एकही दिसलं नाही, पण मोबाईलला रेंज नाही हे दिसलं, आणि तिथंच त्यांनी इकडे राहायचं पक्कं केलं. "माझे वरिष्ठ मला इथं शोधू शकणार नाहीत," ते म्हणाले. वरिष्ठांपैकी कुणी त्यांना शोधत असेल असं मला कधी वाटलं नाही.

आमचं घर रामनगरला, बाबांचं दुकान तिथं. पण गुंदला माझी आत्या एकटी राहायची, भातशेती आणि कोंबड्या सांभाळून. तिच्या घराचा अर्धा भाग मी सरांना भाड्यानं मिळवून दिला. आत्या समोरच्याची परीक्षा घेतल्याशिवाय पाणी देत नाही.

"तुमी करता काय नेमकं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"धातूतली भोकं मोजतो."

"आनि बुजवता?"

"छे. फक्त मोजतो."

"मग सरकार पेन्शन कशाला देतंय?"

"हा प्रश्न सरकारलाही पडलाय," सर म्हणाले.

आत्याला हे उत्तर पटलं. तिनं पाणी दिलं, वर गुळाचा खडाही दिला. गुंदमध्ये तेव्हापासून त्यांचं नाव पडलं भोकं मोजणारा मास्तर, आणि सरांना ते त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त आवडायचं.

त्यांचं काम समजायला अवघड नाही, निदान त्यांनी मला तसं कधी वाटू दिलं नाही. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असले हलके धातू एकमेकांत मिसळून विमानांचे, गाड्यांचे भाग करतात. वरून पत्रा गुळगुळीत. आत अणू रांगेनं बसलेले, आणि रांगेत मधेच एखादा अणू नसतो, त्याची जागा रिकामी. ही रिकामी जागा एका ठिकाणी बसूनही राहत नाही. हे सरांनी मला गुंदच्या बसमध्ये शिकवलं. पुढच्या सीटवरचा माणूस उतरला की मागचा उठून तिथं जातो, त्याच्या जागी त्याच्या मागचा. "बघ, माणसं पुढं सरकली आणि भोक मागं सरकलं," सर बसमध्ये उभे राहून मोठ्यानं सांगत. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "मास्तर, त्या भोकात बसा की आता." आत अशी भोकं कशी फिरतात, कुठं गोळा होतात, यावर त्या धातूचं बळ ठरतं. पण ती इतकी बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकाला काहीच दिसत नाही.

म्हणून पॉझिट्रॉन. तो इलेक्ट्रॉनचा उलटा भाऊ. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि मागं गॅमा किरण उरतात. धातूत इलेक्ट्रॉनांची गर्दी, त्यामुळं आत शिरलेला पॉझिट्रॉन पापणी लवायच्या कितीतरी आधी संपतो. पण त्याला एखादं भोक सापडलं तर तो तिथं जाऊन बसतो. तिथं गर्दी कमी, म्हणून जरासा जास्त जगतो. तो जरासा म्हणजे किती, हे मोजलं की भोक केवढं ते कळतं. पॉझिट्रॉन जन्मतो तेव्हा एक किरण येतो, मरतो तेव्हा दुसरे. "जन्माचा दाखला आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही आपल्याकडे, आणि कुणाची सही लागत नाही," असं सर मोठ्या रुबाबात म्हणत.

सगळी मेख होती जोडीत. पॉझिट्रॉन देणारं किरणोत्सारी मीठ चिमटीपेक्षाही कमी, पातळ कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेलं. ते धातूच्या दोन चौकोनी तुकड्यांच्या मधे ठेवायचं, कारण पॉझिट्रॉन दोन्हीकडे जातात. म्हणून ते दोन तुकडे जुळे हवेत. एकाच लादीतून शेजारी शेजारी कापलेले, एकत्र तापवलेले, एकत्र गार केलेले, एकत्र ठेवलेले. एकाचं जरी काही वेगळं झालं असेल तर यंत्र बिचारं दोघांची गोष्ट एकात मिसळून सांगतं, आणि आपल्याला वाटतं काहीतरी नवीन सापडलं. सरांनी लग्न केलं नव्हतं. आत्यानं कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "जोडी तंतोतंत सारखी लागते. नाहीतर मोजमाप बिघडतं."

"तुमच्यासारखी दुसरी असती तर आमी गाव सोडून पळालो असतो," आत्या म्हणाली.

जोडी लावायचं काम सर कुणालाच करू देत नसत. दार बंद, पंखा बंद, हातात चिमटा, श्वास रोखलेला. मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते, पण त्या वेळी माझं काम फक्त भिंतीशी उभं राहून न शिंकणं. आणि गंमत अशी, की सरांना तेव्हा धड दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहात मीठ घालून प्यायचे आणि मीठ आहे हे कबूल करायचे नाहीत. आत्यानं दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याला त्यांनी एकदा नमस्कार करून "बऱ्या आहात ना?" विचारलं होतं. डोळे करून घ्या म्हटलं की म्हणत, "मी जोडी डोळ्यांनी लावत नाही, बोटांनी लावतो." आमच्या प्राचार्यांनी एकदा प्रेमानं सुचवलं, तर त्यांना तोंडावर प्रोटॉन म्हणाले. प्रोटॉन ही त्यांची खास शिवी. जड, जागचा हलत नाही आणि सगळं आपल्याभोवती फिरतंय असं समजतो. प्राचार्य कॉमर्सचे होते, त्यांना तो मान वाटला.

तापवलेले तुकडे एकदम बर्फाच्या पाण्यात टाकायचे आणि मग थंडीतच ठेवायचे, नाहीतर आतली भोकं उबेला फिरायला लागतात. कॉलेजच्या फ्रीजवर भरवसा नव्हता. आमच्याकडे तारेवर फांदी पडायला पावसाळाच लागतो असं नाही. सगळ्या बाजारात जनरेटरवर चालणारा एकच डीप फ्रीझर होता, शांताक्काच्या मासळीच्या दुकानात. मग काय, भट्टीतून तुकडे निघाले की थर्मासमध्ये बर्फ, बर्फात तुकडे, आणि सर तो थर्मास छातीशी धरून कॅनव्हासच्या बुटांत बाजारातून धावत सुटायचे. मागं मी, पदर खोचून. तुकडे साधे धातूचेच, त्यांच्यात धोक्याचं काही नव्हतं, पण हे लोकांना कुठं ठाऊक? पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं सापाचं औषध चाललंय. जीप थांबल्या, भाजीवाल्यांनी टोपल्या ओढून वाट दिली. "कुनाला चावला हो?" कुणीतरी ओरडून विचारलं. "अजून कुणाला नाही," सर धावता धावता म्हणाले.

शांताक्का कारवारकडची, मोठी धिप्पाड आणि मनानं मोकळी. ती आमच्या तुकड्यांना बर्फी म्हणायची. दिसायचेही तसेच, पांढरे, चकचकीत, चौकोनी. प्रत्येक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर आकडा, आणि त्या पिशव्या बांगड्यांच्या आणि सुरमईच्या मधे ठेवलेल्या. सर कट्टर शाकाहारी. नाकाला रुमाल लावून फ्रीझरमध्ये डोकं घालायचे आणि आतूनच शांताक्काशी बोलायचे. आमच्या नमुन्यांना प्रयोगशाळेत वास यायचा. बाहेरून कुणी शास्त्रज्ञ भेटीला आले की सर खिडक्या उघडत आणि म्हणत, "समुद्र इथून तसा जवळच."

आता मुख्य गोष्ट. एका जोडीनं आमचं नशीब उघडलं असं आम्हाला वाटलं. सगळ्या जोड्यांचे आलेख सरळसाधे येत होते, आणि ही एकच जोडी अशी निघाली, की तिच्यात पॉझिट्रॉन हवे त्यापेक्षा बरेच जास्त जगत होते. आलेखाला लांबलचक शेपटी. थंडीत ठेवलेल्या या मिश्रधातूत एवढे दोष, म्हणजे भोकंच भोकं, तयार होतात हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी तीच जोडी पुन्हा पुन्हा मोजली. शेपटी जाग्यावर. लाईनमनला फोन करून सर म्हणाले, "आज लाईट घालवलीस तर तुझं नाव मी शोधनिबंधात शत्रू म्हणून घालीन." तो बिचारा रात्रभर खांबाशी बसला. दुसरी जोडी करून ताडून बघायचं होतं, पण भट्टीची कॉईल जळाली, ती मिळेना, आणि विद्यापीठातली तारीख तोंडावर आली.

ती तारीख माझ्यासाठी काय होती ते सांगते. गेस्ट लेक्चररला दर जूनमध्ये पुन्हा अर्ज करावा लागतो आणि दर जूनमध्ये आपण कुणीच नाही हे नव्यानं कळतं. सरकारी भरती निघाली होती. वयाच्या अटीत बसणारी माझी ती शेवटची. पीएच.डी. हातात असली तर माझा नंबर लागणार, हे सगळ्यांनी तोंडावर सांगितलं होतं. विद्यापीठात समितीपुढं काम मांडायचं, त्यांनी मान डोलावली की प्रबंध द्यायचा. त्या शेपटीवर समिती आधीच खूश होती. बाबांनी तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना माझ्या शेपटीबद्दल सांगायला सुरुवात केली होती.

जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही उरलेल्या पिशव्या आणायला शांताक्काकडे गेलो. ती बांगडे निवडत होती.

"मास्तर, तुमची बर्फी लई पळतीया बघा," ती हसत म्हणाली. "मागं एक तर पिशवी फाटून बांगड्यात गेलेली. कुळगीच्या गनपतअण्णाच्या बांगड्यात. त्यानं दोन दिसांनी आनून दिली. मी परत घातली त्याच नंबरात. तुमाला कशाला सुम्ने, उगा तरास म्हनून बोलले न्हाई."

मला आधी काही कळलंच नाही. सरांनी रुमाल नाकावरून खाली घेतला. "कुठला नंबर, शांताक्का?"

तिनं सांगितला. तोच होता.

गणपतअण्णा कुळगीला एक छोटी खाणावळ चालवायचा. सरांनी तिथल्या तिथं जीप ठरवली. मी वाटेत मनाशी म्हणत होते, फ्रीजमध्ये ठेवला असेल, खिडकीत ठेवला असेल, दोन दिवस नुसता पडला असेल. तो कुठं होता, किती उबेत होता, हे नीट कळलं तर काहीतरी हिशोब मांडता येईल, सगळंच जाणार नाही.

गणपतअण्णानं आम्हाला बघून आधी इडली वाढली. मग म्हणाला, "व्हय, हितंच व्हती की. माजं टेबल डुगडुगत व्हतं, मग तुमची ती चौकोनी पट्टी घातली पायाखाली. लई बराबर बसली बघा."

"टेबलावर काय होतं?" सरांनी विचारलं.

"ह्योच की." त्यानं दाखवला तो पीठ वाटायचा दगडी ग्राइंडर, दोघांनी उचलायचा.

"चालू होता?"

"मग? इडलीचं पीठ आपसूक वाटतंय व्हय? पन बायको म्हनली, मास्तरांची अणूची वस्तू हाय, नगं घरात. म्हनून नेऊन दिली."

"चालू करा," सर म्हणाले.

"आत पीठ न्हाई, मास्तर."

"नुसताच चालू करा."

ग्राइंडर घरघरायला लागला. सर जमिनीवर आडवे झाले, टेबलाखाली गेले आणि टेबलाच्या पायाला तळहात लावून पडून राहिले. जेवायला आलेले दोन ड्रायव्हर ताट हातात घेऊन बघत उभे. टेबलाखालून हसू ऐकू यायला लागलं. आधी बारीक, मग मोठं, मग सरांना ठसकाच लागला. धातू दाबला, ठोकला की त्याच्या आतल्या रांगा मोडतात आणि दोषच दोष तयार होतात. हे बी.एस्सी.च्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या एका तुकड्यावर दोन दिवस इडलीचं पीठ वाटलं गेलं होतं आणि दुसरा जुळा थंडीत सुरमईशेजारी सुखानं झोपला होता.

"अगं, आपण गणपतअण्णांचं टेबल मोजलं," सर बाहेर येत म्हणाले. कोपराला शेण लागलेलं. "जगात आजवर कुणी मोजलं नसेल."

मला हसू आलं नाही. मी इडलीची ताटली बाजूला सारली.

मग सरांचं हसू हळूहळू थांबलं. ते आपल्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "त्या तुकड्याला एक खळगा होता. माझ्या बोटाला लागला होता. मला वाटलं कापणाऱ्यानं पाडला असेल. मी घासून काढला." पुन्हा म्हणाले, "मी घासून काढला आणि तुला बोललो नाही."

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "सर, समितीला हे सांगायलाच हवं का? त्यांनी आलेख बघितलाय. दुसरी जोडी नंतर करू."

"नंतर म्हणजे?"

"भरती झाल्यावर."

"आणि शेपटी नाही आली तर?"

"कोण विचारायला येणार आहे?"

"मी त्या समितीत असतो तर विचारलं असतं," सर म्हणाले. बस्स, एवढंच. मला त्यांचा इतका संताप आला की मी गुंदच्या फाट्यावर त्यांना हात न देता उतरू दिलं.

समितीपुढं मी उठायच्या आधीच सर उठले. "या मुलीचा काही दोष नाही," ते म्हणाले. "जोडी मी लावली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि डोक्यात माज." मग त्यांनी सगळं सांगितलं, बांगडे, टेबल, ग्राइंडर, इडली. समिती पोट धरून हसली. हसून झाल्यावर अध्यक्षांनी डोळे पुसत सांगितलं, की सगळ्या जोड्या पुन्हा कराव्या लागतील, वर्षभर तरी जाईल. भरतीची मुदत त्याआधीच संपत होती, हे त्या खोलीत फक्त मला आणि सरांना ठाऊक होतं.

बाहेर जिन्यावर मी त्यांना म्हटलं, "तुमचं काय गेलं? तुम्हाला पेन्शन आहे. हसून मोकळे झालात. गेलं ते माझं गेलं."

"हो," सर म्हणाले. बसमध्ये मी पुढं बसले, ते मागं. मी बरोबर बोलले होते असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

त्यानंतर बरेच महिने मी वर्गावर जायची, प्रयोगशाळेत जायची नाही. बातम्या आत्याकडून कळायच्या. सरांनी बेळगावला जाऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी सुटल्यावर घरी येऊन आत्याला नीट निरखून म्हणाले, "तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या आहात हे मला ठाऊक नव्हतं." आत्या म्हणाली, "मला तुमचं पैल्या दिसापास्नं ठाऊक हाय." मग एक दिवस आत्याचा फोन आला. "मास्तर जेवंना झालेत गे. दिसभर कालेजात, आनि घरी आले की ट्रंकेतला एक पत्रा काढून बघत बसत्यात. ये जरा."

मी प्रयोगशाळेत गेले. भट्टी दुरुस्त झाली होती. सर नवीन चष्मा लावून धातूची एक लादी कापत होते. ती लादी त्यांनी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून इतकी वर्षं ट्रंकेत ठेवली होती.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"माझ्या सत्काराचं," सर म्हणाले.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात प्रत्येक वक्त्यानं त्यांच्या एकाच कामाचं नाव घेतलं होतं. हलक्या मिश्रधातूत त्यांनी एका वेगळ्याच जातीची भोकं शोधली होती, तीही अशाच एका शेपटीवरून. पुस्तकात त्यांचं नाव आलं ते त्यामुळं. दुसरं त्यांच्या नावावर विशेष काही नव्हतं, हे ते स्वतःच सांगायचे. "डोळे तेव्हाच जायला लागले होते," सर म्हणाले. "आणि कुळगीहून आल्यापासून मला सारखं आठवतंय, की त्या जोडीतलाही एक तुकडा मी घासला होता. आता त्याच लादीतून नवी जोडी करतो." मग त्यांनी चिमटा माझ्यापुढं धरला. "तू लाव. मी भिंतीशी उभा राहतो."

मी लावली. लाईट गेली, पुन्हा लावली. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी आलेख पुरा झाला तेव्हा पडद्यावर शेपटी नव्हती. दुसरी जोडी केली, तिसरी केली. कुठंच नव्हती. जे सापडलं म्हणून सरांचा सत्कार झाला होता, ते त्या धातूत नव्हतंच.

सर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. आता त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं. "गेलं," म्हणाले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चल, भूक लागली." त्या दिवशी ते आत्याकडे पोटभर जेवले, दोनदा भात मागून. तुमचं काय गेलं, असं मी त्यांना जिन्यावर विचारलं होतं. त्याचं उत्तर मला असं नको होतं.

ही दुरुस्ती छापायला पाठवताना त्यांनी माझं नाव आधी घातलं, आपलं नंतर. मी नको म्हटलं. "चूक माझी आहे, तिच्यात तुला वाटा मिळणार नाही," सर म्हणाले. "पण ती शोधलीस तू. जोडी तू लावलीस." माझ्या नावावर छापून आलेलं पहिलं काम ते, माझ्याच सरांना खोटं ठरवणारं. माझी पीएच.डी. पुढं यथावकाश झाली, साध्यासुध्या आलेखांवर, शेपटीशिवाय. भरती केव्हाच होऊन गेली होती. माझ्या जागेवर लागलेला मुलगा शिकवतो चांगला, असं ऐकते.

मग बेळगावच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाखत आली. मला फारशी आशा नव्हती. आदल्या दिवशी सर सहज म्हणाले, की त्यांनाही बेळगावला डोळे दाखवायचेत. तिथं पोचल्यावर ते काही डॉक्टरकडे गेले नाहीत. माझ्याबरोबर आत आले आणि मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आत्यानं दिलेला डबा मांडीवर घेऊन बसले.

आत चौघं होते. मधल्या बाईंनी माझे कागद चाळले. "तुमचं एकच काम छापून आलंय," त्या म्हणाल्या, "आणि त्यात तुम्ही तुमच्या गाईडचंच संशोधन चुकीचं ठरवलंय?"

"हो."

"गाईडना चाललं?"

"त्यांनीच करायला लावलं."

"तुमच्याशी बोलतात का आता?" शेजारच्या गृहस्थांनी हसत विचारलं.

"बाहेर बाकावर बसलेत," मी म्हटलं.

चौघांनीही दाराकडं बघितलं. मग बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "नीट पहिल्यापासून सांगा." मी सांगितलं. शांताक्कापासून सत्काराच्या लादीपर्यंत सगळं, काही न गाळता. ते हसले, मग हसायचे थांबले. बाईंनी मला विचारलं, जूनपासून येता येईल का.

मी बाहेर आले. सर डबा घट्ट धरून बसले होते.

"काय विचारलं?"

"तुमची चूक कशी झाली ते विचारलं."

"सांगितलंस?"

"सगळं."

"ग्राइंडरचं?"

"ते पण."

"हसले?"

"खूप."

सरांनी समाधानानं मान डोलावली. बराच वेळ डोलावतच राहिले. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "आणि नोकरी?"

"मिळाली," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. "डॉक्टरांनी बजावलंय, डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही," ते चिडून म्हणाले, "आणि तू असलं काहीतरी सांगतेस." ऑपरेशन होऊन तेव्हा वर्ष कधीच उलटून गेलं होतं. मी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून घेतला आणि शेजारी बसले.